श्रीमंत गुरुजींची दुपारची झोप

खडकेवाडीच्या शाळेत दुपारची खिचडी झाली की श्रीमंत गुरुजी झोपत. लपूनछपून नव्हे, चांगलं अंगणात, कडुलिंबाखाली हाताची खुर्ची टाकून, वडिलांची काठी मांडीवर आडवी ठेवून. सरकारी माणसानं शाळेच्या वेळेत झोपू नये हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळा लागणं वेगळं. बरं, झोपही घोरण्याची नव्हे. मान किंचित कलायची, तोंडावर शहाणं हसू यायचं आणि माणूस कुठंतरी निघून जायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, गुरुजी काहीतरी गहन विचारात आहेत. पुढचा सगळा घोटाळा त्या चेहऱ्यानं केला असं म्हणायला हरकत नाही.

ही झोप त्यांना वारशानं मिळाली होती. घर धनगराचं. वडील नागप्पा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कर्नाटकाच्या अंगाला जात, आणि लहानगा श्रीमंत शाळा बुडवून त्यांच्या मागं. दुपारी ऊन चढलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून गोल उभी राहतात. तीच मेंढक्याचीही टेकायची वेळ. नागप्पांनी पोराला पोहायला शिकवलं नाही, पण असं झोपायला शिकवलं. ते म्हणत, "मेंढरं कुरकुरतात तवर निवांत झोपावं. गप झाली की उठावं. उगाच मेंढरू गप होत न्हाय." त्यामुळं श्रीमंतला हलक्या आवाजात झोप लागायची आणि शांततेत जाग यायची. पुढं उमरग्याच्या वसतिगृहात राहून ते शिकले, डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या नोकरीत बदल्या होत होत लोहाऱ्याजवळच्या या वाडीत आले. मेंढरं कधीच विकली गेली होती. काठी आणि झोप तेवढी राहिली.

झोपेत त्यांना स्वप्न पडे, तेही नेहमी एकच. हुरड्याला आलेली ज्वारी, डोक्याच्या वर गेलेली, आणि तिच्या दोन ओळींमधून ते चाललेले. वारा म्हणावा तर नाही, तरी पानाला पान घासतंय. उभं पीक आपसात काहीतरी बोलतंय. आणखी एक पाऊल पुढं टाकलं तर काय बोलतंय ते कळेल असं वाटायचं, ते पाऊल टाकायचे, आणि नेमकी त्याच वेळी सळसळ थांबायची. डोळे उघडले की समोर शाळेचं अंगण, आणि पोरं भल्या शहाण्यासारखी बसलेली. हे स्वप्न त्यांनी एकदा बायकोला, सिताबाईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, रोज जवारीत शिरता, तर येताना चार कणसं तरी आणत जा.

ती सळसळ कुठून येते ते गुरुजींना बरेच दिवस कळलं नव्हतं. ती पोरांची कुजबूज होती.

त्याचं असं झालं. हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एका पालकानं ट्रकचा एक टायर शाळेला दिला होता. तो लिंबाला टांगून झोका झाला. झोका एक आणि पोरं शाळाभर, म्हणजे भांडण ठरलेलं. त्यात नंदीश म्हणून एक पोरगा होता. घरात कानडी, दारात मराठी, आणि दोन्हीकडं आवाज खणखणीत. तो ओरडायला लागला की बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवायचा, कारण गुरुजी उठले तर घंटा वाजणार आणि घंटेमागून भागाकार येणार. भागाकारापेक्षा कुजबूज बरी, हा शाळेचा पहिला ठराव. कुजबुजताना दोघं एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून हात वर करायचा. सगळ्यांनीच हात वर केले तर कोण आधी, यावरून पुन्हा कुरबूर झाली, तेव्हा ठरलं की जो आज सगळ्यात कमी बोललाय तो आधी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. झोका हवा होता आणि भागाकार नको होता, एवढीच त्यातली राज्यघटना.

पण झोक्याचा निकाल लागला तरी दुपारची कुजबूज सुरूच राहिली. एके दिवशी चौथीतल्या चैतालीनं हात वर केला. ती नवबौद्ध वस्तीतल्या ज्ञानोबांची नात. वर्गात प्रश्न विचारला की ही मान खाली घालून पाटीच्या कडेवरून बोट फिरवायची. त्या दिवशी लिंबाखाली ती एवढंच बोलली, की खिचडीच्या पंगतीत आमच्या वस्तीतली पोरं रोज त्याच टोकाला का बसतात. कुणी मुद्दाम बसवत नव्हतं, तसं बसायची सवय होती एवढंच. दुसऱ्या दिवशी पोरं नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणं बसली आणि पंगत पार ढवळून निघाली. गुरुजी खिचडीच्या पातेल्याजवळ उभे होते. समतेचा धडा ते दरवर्षी जीव ओतून शिकवत, खाली प्रश्न देत, उत्तरं तपासत. पंगतीकडं मात्र त्यांचं लक्ष कधी गेलं नव्हतं. त्यांना लाज वाटली आणि आनंदही झाला, आणि त्यांनी पोरांना काही विचारलं नाही. आपण झोपेत असताना जे उगवलं ते उकरून बघू नये असं त्यांना वाटलं.

अशा दिवसांत दीपाली मॅडम आल्या. मूळच्या तामलवाडीकडच्या, शेतकऱ्याघरच्या, पण आता पुण्यात एका संस्थेत संशोधन करत होत्या. विषय असा, की शाळेत नागरिकशास्त्र शिकून पोरं पुढं नागरिकासारखी वागतात का. प्रश्न घेऊन त्या शाळाशाळांतून फिरत होत्या. बाकी शाळांत पोरं हक्क आणि कर्तव्यं घडाघडा म्हणून दाखवत. खडकेवाडीत त्यांनी ग्रामसभेचा अध्यक्ष कोण असतो विचारलं, तर नंदीशनं अंदाजानं आपल्या काकाचं नाव सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. कागद आवरून त्या ओसरीत लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपची वाट बघत बसल्या. दुपारची वेळ, खिचडी झालेली, गुरुजी ज्वारीत शिरलेले. मॅडमनी समोर लिंबाखाली हात वर करून कुजबुजणारी पोरं पाहिली, आणि जीप आली तशी त्यांना न घेताच निघून गेली. मग त्या पुन्हा आल्या, पुन्हा पुन्हा आल्या, आणि दरवेळी ओसरीतल्या खांबाला टेकून दुपारभर बघत राहिल्या.

शेवटी त्यांनी गुरुजींना विचारलं, तुम्ही मुद्दाम डोळे मिटून घेता ना, मुलांना मोकळीक मिळावी म्हणून? गुरुजींना सोपं होतं, हो म्हणायचं. पण त्यांचा स्वभाव आडवा. ते म्हणाले, "मॅडम, म्या झोपतो. खरंच झोपतो. खोटं लिहू नका."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तसंच लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही इथं नसता तर ही मुलं भांडली असती, आणि जागे असता तर गप्प बसली असती. तुम्ही जवळ आहात आणि झोपलेले आहात, म्हणून ती कुजबुजतात, आणि कुजबुजीत कुणाचाच आवाज मोठा नसतो. आपल्या झोपेला एवढा अर्थ असेल असं गुरुजींना वाटलं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटलं.

मॅडमचा अहवाल पुण्यात वाचला गेला. तिथून तो कुठल्याशा वरच्या टेबलावर गेला, तिथल्या साहेबांना आवडला, बैठक बसली, आणि एके दिवशी जिल्ह्यातल्या शाळांसाठी प्रायोगिक तत्त्वावर परिपत्रक निघालं. केंद्रप्रमुख कृष्णराज सर, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवरचे साहेब, पेढे घेऊन खडकेवाडीत हजर झाले. त्यांनी परिपत्रक उभं राहून वाचलं. प्रत्येक शाळेत दर शनिवारी पहिल्या तासाला बालसभा भरवावी. सभेच्या काळात शिक्षकाने नेत्र मिटून, मौन धारण करून, सभेच्या परिघावर आसनस्थ व्हावे. छायाचित्र त्याच दिवशी ग्रुपवर टाकावे.

गुरुजी म्हणाले, सर, शनिवारी सकाळची शाळा असते, सकाळी आठाला धनगराला झोप येत न्हाय. कृष्णराज सर म्हणाले, झोपायचं कुठं लिहिलंय?

तेही खरं होतं. अहवालात मॅडमनी 'शिक्षक झोपलेले असतात' असंच लिहिलं होतं. पण सरकार मास्तराला झोप म्हणून कसं सांगणार? उद्या कुणी कोर्टात गेलं तर? म्हणून बैठकीत झोपेचे मिटलेले डोळे झाले, आणि रोजची दुपार वेळापत्रकात बसेना म्हणून ती शनिवारची सकाळ झाली. माणसं सगळी भली होती. प्रत्येकानं त्यातलं थोडं थोडं सोयीचं केलं, आणि सगळं मिळून जे झालं ते कुणालाच नको होतं. संशोधनाची वाट खालून वर जाते तेव्हा अशीच जाते, आणि वरून खाली येते तेव्हा पाऊस नाही येत, नळाचं पाणी येतं, ठरलेल्या वारी.

मग शनिवारी शनिवारी ग्रुपवर फोटो यायला लागले. जिल्ह्यातले सगळे गुरुजी आणि बाई ओळीनं डोळे मिटलेले. एक जण पद्मासन घालून बसला होता. एकाच्या मागं नेमकी उदबत्ती जळत होती, त्याच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, हार तेवढा राहिला. सिताबाईनं ते फोटो बघितले आणि म्हणाली, तुमची साथ लागली की सगळ्या जिल्ह्याला.

धाराशिवला प्रशिक्षण झालं तेव्हा गुरुजींना व्यासपीठावर बसवलं, शाल दिली, दोन शब्द बोलायला लावले. ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले की म्या डोळे मिटत न्हाय, म्या झोपतो, आणि ते शिकवता येण्यासारखं न्हाय. सभागृह खळखळून हसलं. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, केवढा साधेपणा. गुरुजी शाल सावरत खाली उतरले. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवत नाही, ही मोठी एकटी जागा असते.

खडकेवाडीत शनिवार येई. गुरुजी खुर्चीवर डोळे मिटून बसत. दुसऱ्या शिक्षिका दैवशालाबाई फोटो काढत. पोरांना माहीत होतं गुरुजी जागे आहेत, बाईंचा फोन चालू आहे. मग ती गुरुजींना ऐकू जावं म्हणून बोलायला लागली. नंदीश उभा राहून भाषण ठोकायचा, माझ्या बालमित्रांनो आणि मैत्रिणींनो. झाडं लावा, पाणी वाचवा. टाळ्या. पापणीच्या फटीतून गुरुजी बघत, तर चैताली मागं भिंतीला टेकून बोटानं मातीत रेघा ओढत बसलेली. एका शनिवारी तसंच, दुसऱ्या शनिवारी तसंच. तिचा हात पुन्हा वर गेला नाही.

आणि विशेष हे, की बाकीच्या दिवशी दुपारीही कुजबूज बंद पडली. सभा शनिवारची, असं पोरांनी आपलं आपण ठरवून टाकलं. दुपारी नुसता आरडाओरडा. झोका ज्याच्या हाताला लागेल त्याचा. पंगत पुन्हा हळूहळू जुन्या वळणावर गेली, आधी एक पोरगं सरकलं, मग दुसरं. गुरुजी खिचडीनंतर खुर्चीत बसत, काठी मांडीवर घेत, डोळे मिटत. पण झोप येत नव्हती. ज्वारीच्या बांधापर्यंत जायचे आणि परत यायचे. गुरुजींना लहानपणी हरवलेलं मेंढरू आठवायचं. काय हरवलं ते माहीत असतं, कुठं हरवलं तेही माहीत असतं, आणि तरी ते तिथं नसतं. त्यांना फार वाईट वाटायचं.

एकदा शाळा सुटल्यावर वाटेत त्यांना चैताली दिसली. आजी बनाबाई हरभऱ्याचा घाटा काढत होती आणि ही बांधावर बसून घाटे फोडून हिरवा सोलाणा खात होती. गुरुजी वाट सोडून बांधावर गेले. बनाबाईनं पदर सावरून, या गुरुजी, म्हणत ओंजळभर घाटे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी चैतालीला विचारलं, सभेत बोलत का नाहीस? तिनं आधी नुसतीच मान हलवली. मग आजीकडं बघून, घाटा सोलत सोलत म्हणाली, "तुमी जागं असता की गुरुजी."

"म्या तुला कधी रागावलो का?"

"न्हाय." तिनं आणखी एक घाटा फोडला. "पर पोरं बोलताना तुमच्या तोंडाकडं बघत्यात. मग मला वाटतं, माझं बोलणं तुमाला बरं वाटतंय का न्हाय. अन् आता मोठ्यानं बोलावं लागतंय."

बनाबाई म्हणाली, गप गं, गुरुजींसंगं असं बोलतात का. गुरुजी म्हणाले, बोलू द्या. ते घरी आले. आयुष्यात त्यांनी कुणा पोरावर हात उगारला नव्हता, आणि त्याचा त्यांना मनातल्या मनात अभिमान होता. पण नुसतं खुर्चीत बसलेलं असणं हेही कुणाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि वाईट याचंच वाटलं, की या पोरीला बोलता यावं म्हणून आपल्याला झोपावं लागतं.

माघ संपत आला तेव्हा कृष्णराज सरांचा फोन आला. पुण्याहून समिती येणार, तीही शनिवार सोडून मधल्याच वारी. खडकेवाडीची सभा बघणार आणि मग सगळ्या राज्यात हा उपक्रम न्यायचा की गुंडाळायचा ते ठरवणार. सरांचा आवाज फोनमध्येच घामेजला होता. पोरांकडून तयारी करून घ्या म्हणाले. गुरुजींनी तयारी केली नाही. त्यांना समितीचं काही नव्हतं. हा उपक्रम राज्यभर गेला काय आणि गुंडाळला काय, कुठल्याही परिपत्रकानं चैतालीचा हात वर जाणार नव्हता, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

समिती सकाळी यायची ती आली दुपारी. वाटेत लोहाऱ्यात सत्कार झाला होता. अध्यक्ष शरणप्पा साहेब, निवृत्त अधिकारी, प्रशस्त अंगाचे आणि प्रेमळ. त्यांच्यासोबत आणखी दोघं आणि मागच्या सीटवरून उतरलेल्या दीपाली मॅडम. मॅडमनी गुरुजींना नमस्कार केला आणि हळूच म्हणाल्या, मी झोपच लिहिलं होतं हो. गुरुजी म्हणाले, ठाऊक हाय. दोघांना एकमेकांचं बरं वाटलं.

शरणप्पा साहेबांनी पोरांच्या पंगतीत बसूनच खिचडी खाल्ली. वर दैवशालाबाईंनी घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या, तुपाची धार, आणि गाडग्यातलं घट्ट दही. मग लिंबाखाली पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या. पोरं गोल करून बसली. गुरुजी परिपत्रकाप्रमाणं परिघावर आसनस्थ झाले, काठी मांडीवर घेतली, नेत्र मिटले. कृष्णराज सरांनी हात जोडून सभा सुरू करायची विनंती केली आणि नंदीश उभा राहिला. माझ्या बालमित्रांनो आणि मैत्रिणींनो.

झाडं लावा इथपर्यंत भाषण आलं असेल, नसेल. गुरुजींनी पापणीच्या फटीतून पाहिलं तर शरणप्पा साहेबांची हनुवटी छातीला लागलेली. शेंगदाण्याची पोळी कुणाला सोडते? त्यांच्या डावीकडचे गृहस्थ उजवीकडं झुकलेले, उजवीकडचे आकाशाकडं तोंड करून निवांत. लिंबाची सावली त्यांच्या पांढऱ्या शर्टांवर हलत होती. नंदीशनं हे पाहिलं. त्याचा आवाज आपोआप उतरला, आणखी उतरला, आणि तो खाली बसला. मोठी माणसं झोपली आहेत, उठवायची नाहीत. त्या पोरांना याची जुनी सवय होती.

आणि कुजबूज सुरू झाली.

मॅडम सोडल्या तर कृष्णराज सर तेवढे जागे होते. मोठ्यानं बोला रे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मोठ्यानं म्हणावं तर साहेब जागे होणार, आणि आपण झोपलो होतो हे केंद्रप्रमुखानं पाहिलं हे साहेबांना कळणार. सर हाताची घडी घालून बसले. गुरुजींना मनातल्या मनात हसू फुटलं. ते हसू तोंडावर तसंच राहिलं, मान किंचित कलली, आणि ज्वारी आली.

किती दिवसांनी आली होती. तशीच उंच, तशीच दाट. पायाखाली काळी माती थंड लागत होती. पानाला पान घासत होतं, इकडची ओळ तिकडच्या ओळीला काही सांगत होती, कणसं माना हलवत होती. कुठंतरी लांब नागप्पा हाळी देत होते, पण ती मेंढरांना होती, पोराला नव्हती. श्रीमंत चालत राहिला. घाई नव्हती. एक पाऊल, आणखी एक पाऊल. आता कळणार, काय बोलतंय पीक ते आता कळणार, असं वाटलं.

सळसळ थांबली.

गुरुजींनी डोळे उघडले. पोरं कुठं उठून गेली नव्हती. सगळी गोलात बसलेली होती आणि सगळी त्यांच्याकडं बघत होती. पाहुणे तसेच झोपलेले. दीपाली मॅडमचं पेन हातात होतं पण त्या लिहीत नव्हत्या. वर्तुळाच्या मध्ये चैताली उभी होती, कारण आज सगळ्यात कमी बोललेली तीच होती, आणि सुरुवात तिनं केली होती.

ती कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "गुरुजी, आमचा ठराव झालाय. उद्यापासनं तुमी झोपायचं न्हाय."

गुरुजींनी मांडीवरची काठी सावरली.

"तुमी झोपल्यावर आमी बोलायचं, हे बरं न्हाय. तुमी जागं असताना बी बोलता आलं पायजे. तर तुमी खुर्ची सोडून हितं खाली बसायचं. आमच्यासारखं हळू बोलायचं. अन् हात वर केल्याबिगर बोलायचं न्हाय."

ठरावाला विरोधही झाला होता. जागे राहिले तर गणित घेतील, असं नंदीशचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. तरी ठराव झाला होता. शाळेतल्या प्रत्येकाला एक हात, असं धरलं तर गुरुजींचा हात राहिला होता, म्हणून सगळी थांबली होती. मेंढरं उगाच गप होत नाहीत.

गुरुजी खुर्चीतून उठले. गुडघे वाजले. त्यांनी काठी खुर्चीवर ठेवली आणि पोरांच्या गोलात, दोन पोरं जरा सरकली त्या जागी, मातीवर मांडी घालून बसले. इथून अंगण वेगळंच दिसत होतं. खुर्ची केवढी उंच होती ते पहिल्यांदा दिसलं. या पोरीनं आपली झोप काढून घेतली, आयुष्यातली एकमेव चैन, आणि तरी छातीत काहीतरी इतकं भरून आलं होतं की त्यांना ते सगळ्यांना सांगायचं होतं, आत्ताच. त्यांनी तोंड उघडलं.

"हात, गुरुजी," चैताली म्हणाली.

त्यांनी हात वर केला. तिनं गोलावरून नजर फिरवली. आणखी पुष्कळ हात वर होते. तिनं सगळे नीट बघून घेतले आणि म्हणाली, "थांबा. तुमी आजवर लई बोललाव. तुमचा नंबर शेवटाला."

खुर्चीतले शरणप्पा साहेब झोपेत जरा हलले आणि पुन्हा स्थिर झाले. दीपाली मॅडमनी पेनाला टोपण लावलं. एक लहानशी पोरगी झोक्याबद्दल काही सांगायला लागली, तिच्यानंतर दुसरं कुणी. गुरुजींचा खांदा दुखायला लागला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. डोळे टक्क उघडे होते, आणि तरी चहूकडून ज्वारी सळसळत होती, आणि आता तिचा शब्द न् शब्द कळत होता.